जनरल रजिस्टर नंबर एक

१ जून उजाडला की ‘मार्च ८३’ म्हणून निघालेल्या शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर सकाळी सहापासून केकची चित्रं येऊन पडू लागतात. वाढदिवस एकाचा नसतो, आठ-दहा जणांचा असतो, आणि सगळ्यांचं जन्मसाल १९६७. बाहेरच्याला हा चमत्कार वाटेल. भांडुपच्या त्या मराठी शाळेच्या ऑफिसात १९९० सालापासून २०२५ पर्यंत बसलेल्या बाईंना त्याचं नवल नाही. त्या पिढीतल्या कितीतरी मुलांचे जन्मदाखलेच नव्हते. नाव घालायला आलेल्या आईला तिथी नाहीतर सण आठवायचा, शाळा जूनमध्ये उघडायची, मूल सहा वर्षांचं भरायला हवं असायचं. गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत ३१ मेला निरोपसमारंभांची रांग लागते ती याच गुरुजींच्या कृपेने, कारण एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो.

बाई स्वतः १ जूनच्याच. आई सांगायची, “तू गौरीजेवणाच्या दिवसाची. तू तीन महिन्यांची होतीस तेव्हा कोयनेचा भूकंप झाला.” भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे जन्म सप्टेंबरातला. कागदावर मात्र १ जून १९६७, म्हणून निवृत्ती ३१ मे २०२५ ला. “आमच्या गुरुजींकडे माझा चार महिन्यांचा पगार येणं आहे,” असं त्या अजून ऐकवतात.

ज्या शाळेत शिकल्या त्याच शाळेत त्या कनिष्ठ लिपिक म्हणून लागल्या. ज्या खिडकीशी उभं राहून लहानपणी ई.बी.सी. फी-सवलतीचा फॉर्म दिला, त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला त्यांची सगळी नोकरी झाली. त्यामुळे वर्गातल्या मुलामुलींची आणि त्यांची गाठ दोन ठिकाणी पडत राहिली, एकदा आठवणीत आणि एकदा अर्जावर. स्नेहसंमेलनात शाळेच्या आठवणी काढणाऱ्या बाकीच्यांच्या वाट्याला ही दुसरी गाठ आलेली नाही. बाईंचं म्हणणं सगळं तिथून सुरू होतं.

तेव्हाचं भांडुप म्हणजे कारखान्यांच्या भोंग्यांवर चालणारं उपनगर. लालबहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसं आग्रा रोडच म्हणत. त्या रस्त्याच्या कडेने जी.के.डब्ल्यू., सिएट, एशियन पेंट्स, आणि पलीकडे कांजूरला क्रॉम्प्टन, विक्रोळीला गोदरेज. डोंगराच्या अंगाला टेंभीपाडा, तुळशेतपाडा. चाळी वर वर चढत गेलेल्या आणि पाणी खाली नळावर. घरं बहुतेक कोकणातली. कुणाचे वडील पायी कारखान्यात जात, कुणाचे पहाटेची स्लो लोकल धरून परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये. शाळा दोन अधिवेशनांत भरे, एका वर्गात साठाच्या वर मुलं, बाकावर तिघं. स्टेशनपासून जंगल मंगल रोडने चालत येणाऱ्या मुलांची पावसाळ्यात चप्पल हातात असे. मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर बोरकूट, आवळे आणि बर्फाचा गोळा. या सगळ्यावर आता ग्रुपात रोज काहीतरी लिहिलं जातं आणि ते खरंही आहे. चेलपार्कच्या शाईच्या बाटल्या, दप्तरात सांडलेली शाई, मार्च जवळ आला की हातोहात फिरणारा एकवीस अपेक्षित प्रश्नसंच, आर.एस.पी.ची शिट्टी मिळालेल्या पोराचा रुबाब. शिवाजी तलावावरचं गणपतीविसर्जन तर दर भाद्रपदात येतंच.

त्या लिहिण्यात एक गोष्ट आधी बाईंच्या लक्षात आली. लिहिणारे जवळजवळ सगळे ‘अ’ तुकडीचे. आठवीला गुणांवर तुकड्या पडत. ‘अ’ला संस्कृत, ‘ब’ला हिंदी-संस्कृत अर्धं अर्धं, आणि पुढे ‘क’, ‘ड’. गणिताचे उत्तम सर ‘अ’ला, प्रयोगशाळेची किल्ली ‘अ’च्या मॉनिटरकडे, गॅदरिंगच्या नाटकात पहिली निवड ‘अ’ची. बाई ‘क’मध्ये होत्या. ‘क’ तुकडीचा वर्ग मुतारीशेजारी होता. तो काही कुणाच्या आठवणींत येत नाही.

ऑफिसच्या कपाटात मात्र चारही तुकड्या एकत्र नांदतात. जनरल रजिस्टर नंबर एक हे शाळेचं मूळ दप्तर. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक जन्मभर पाठ सोडत नाही. नाव, वडिलांचं नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, यापूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता. मग उजवीकडची बाजू, म्हणजे प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडताना कोणत्या इयत्तेत, सोडण्याचं कारण, शेरा. डावी बाजू भरताना आईबाप समोर उभे असतात. उजवी बाजू भरताना बहुधा समोर कुणी नसतं.

वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांचंच ‘चांगली’. शाळेची घंटा काढून विहिरीत टाकणाऱ्याचंही ‘चांगली’. तो आज ठाण्यात मोठा बिल्डर आहे आणि संमेलनाचा निम्मा खर्च करतो. प्रगतीत सरसकट ‘समाधानकारक’. वर्षानुवर्षं दाखले लिहून बाईंचं मत असं झालं की या दोन रकान्यांत खरं काही सापडत नाही. खरं काय ते ‘सोडण्याचं कारण’ या रकान्यात दडलेलं असतं, आणि तिथेही ते सरळ लिहिलेलं नसतं. ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’ हे झालं सुखाचं कारण. त्याखेरीज दोनच वाक्यं आलटून पालटून येतात, ‘पालकांच्या विनंतीवरून’ आणि ‘परगावी गेल्यामुळे’.

१९८२ सालच्या पानांवर ‘परगावी गेल्यामुळे’ची ओळच लागली आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. साठ गिरण्या, अडीच लाख कामगार. आकडे सगळ्यांना पाठ असतात आणि चर्चा लालबाग-परळचीच होते. पण संपामुळे पगार उपनगरांतल्या चाळींमध्येही थांबला होता. बाईंची बॅच तेव्हा नववीत. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली, सुट्टीला मुलं नेहमीसारखी एस.टी.ने कोकणात गेली, आणि जूनमध्ये काही बाकं रिकामी राहिली. मुलींची जास्त. मुलाला मामाकडे, काकाकडे ठेवून दहावी करवत; मुलीला गावी आजीच्या हाताखाली ठेवून खाणारं एक तोंड कमी करत. वर्गात कुणी फार विचारलं नाही. दहावीचं वर्ष होतं, जादा तास लागले होते.

त्यातली एक मुलगी ‘क’मध्ये बाईंच्याच बाकावर बसायची. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागवले त्या दिवसांत ती शाळेच्या खिडकीशी उभी राहिली. पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर ज्याचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर होतं तो कामगार किंवा त्याचा वारस घराला पात्र, असा नियम. वडील वारलेले, भाऊही गेलेला. आपण त्या कामगाराची मुलगी आहोत हे तिला कागदाने दाखवायचं होतं, आणि जिच्यावर वडिलांचं पूर्ण नाव लिहिलेलं असेल अशी एकच जागा तिला सुचली.

“नववीतून सोडली होती शाळा, मॅडम. मिळेल का दाखला?”

नाव सासरचं होतं, म्हणून बाईंनी माहेरचं विचारलं. मग दोघीही काही वेळ काहीच बोलल्या नाहीत, आणि नंतर एकदमच बोलायला लागल्या, इतक्या की आतून मोठ्या बाईंनी डोकावून पाहिलं.

रजिस्टर काढलं. नाव होतं, क्रमांक होता, सोडण्याचं कारण ‘परगावी गेल्यामुळे’. शेऱ्याच्या रकान्यात मात्र दाखला दिल्याची नोंद नव्हती. बाईंनी १९८२ ची फाईल शोधली. ती सापडायला दोन दिवस लागले, कारण जुन्या फायली माळ्यावर होत्या आणि शिपाईमामांच्या गुडघ्यांनी शिडीला नकार दिला होता. फाईलमध्ये मूळ दाखला तसाच टाचलेला होता, तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या सहीचा, शिक्का मारलेला. लिहून तयार, पण नेलेला नाही. फी थकली होती. थकलेली फी भरल्याशिवाय दाखला हातात पडत नसे, आणि संपाच्या त्या वर्षात ती भरायला कुणी आलं नाही. आतमध्ये बाकीची चिठ्ठीही होती. रक्कम आज रिक्षाच्या भाड्यालाही पुरणार नाही इतकी.

बाईंनी पोचवहीवर सही घेतली आणि मूळ दाखला दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “यावर ‘वर्तणूक चांगली’ असं लिहिलंय, ते घरासाठी चालेल ना?” चालण्या-न चालण्याचा प्रश्नच नव्हता, पण तिला वाचून दाखवायचं होतं. घर तिला अजून लागलेलं नाही. अर्ज लाखांवर आणि घरं काही हजार; सोडत निघाली की ती बाईंना फोन करते, यादीतला नंबर बघायला.

या प्रसंगानंतर बाई ग्रुपवरच्या गप्पा वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागल्या. ग्रुप निघाला तेव्हा अट साधी होती, मार्च १९८३ ला आपल्या शाळेतून दहावी झालेले. कुणाला त्यात काही खटकलं नाही. पण त्या अटीने गाळले ते कोण? एक तर संपात गावी गेलेले. दुसरे नववीत थांबवलेले. दहावीचा निकाल उंच दिसावा म्हणून कच्ची मुलं नववीतच अडकवण्याची रीत त्या काळी कितीतरी शाळांत होती. फलकावर टक्केवारी चढायची आणि पोरं खालच्या वर्गात उतरायची. त्यांतली काही १९८४ ला बसली, काहींनी शाळाच सोडली आणि पुढे कधीतरी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. अशांना ना ८३ च्या ग्रुपात जागा ना ८४ च्या. पाच वर्षं एका बाकावर बसलेला मित्र एका निकालामुळे ‘आपल्या बॅचचा’ राहत नाही, हे पन्नाशी ओलांडलेल्या शहाण्या माणसांना सुचू नये याचं बाईंना वाईट वाटण्यापेक्षा हसू जास्त आलं.

स्नेहसंमेलन झालं ते शाळेच्याच सभागृहात. रविवार होता, बाईंना चाव्या घेऊन यावंच लागलं. बॅनर, फेटे, ज्या सरांच्या छडीला टरकायचे त्यांच्या पायांवर डोकी. मुलंमुली शाळेत कधी एकमेकांशी बोलली नव्हती. वहीसुद्धा वर्गशिक्षकांच्या टेबलावरून जायची. आता अहो म्हणावं की अगं, यात पहिला तास गेला. मग एकाने माईक घेतला आणि म्हणाला की आपल्या वेळी जातपात नव्हती, कोण कुठल्या जातीचं हे कुणाला माहीतही नव्हतं. टाळ्या पडल्या.

बाई मागे उभ्या होत्या. त्यांना आठवत होतं की दर वर्षी एकदा तास चालू असताना शिपाई सूचनावही घेऊन यायचा आणि वर्गशिक्षक मोठ्याने वाचायचे, बी.सी.च्या मुलांनी सवलतीच्या फॉर्मसाठी ऑफिसात यावं. पाच-सहा जण उठायचे. बाकीचे साठ जण बघायचे. उठणाऱ्यांतला एक त्या दिवशी सभागृहात होता, मुंबई महापालिकेतून अभियंता म्हणून निवृत्त झालेला. त्याने टाळ्या वाजवल्या की नाही हे बाईंनी मुद्दाम पाहिलं. नव्हत्या वाजवल्या. तो चहाच्या टेबलाकडे गेला होता.

जातीचा रकाना किती जड असतो हे ऑफिसातल्या माणसाइतकं कुणाला कळत नाही. दर वर्षी बारावीच्या निकालाआधी जुने विद्यार्थी येतात, मुलाच्या जात पडताळणीसाठी स्वतःचा किंवा वडिलांचा दाखला हवा असतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ चा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ चा. एखाद्या गुरुजींनी घाईत नुसतं ‘हिंदू’ लिहून पुढचा शब्द सोडला असेल तर नातवाचं इंजिनिअरिंग अडतं. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरात उघड लेखनदोष सोडला तर खाडाखोड करता येत नाही. माध्यमिक शाळा संहिता त्या बाबतीत कडक आहे. बाईंशी यावरून लोक भांडले, रडले, एकाने पेढ्यांचा पुडाही सरकवून पाहिला. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि राज्यभर शाळांची १९६७ पूर्वीची दप्तरं बाहेर निघाली, तेव्हा ज्या कपाटाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं त्याची किल्ली मागायला एकदम मोठी माणसं येऊ लागली.

ते कपाट तोवर टिकलं हेच विशेष. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी शाळेच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी आलं. लोकल बंद, रस्त्यावर माणसं अडकलेली, वरच्या मजल्यावरचे वर्ग त्यांच्यासाठी उघडले. बाई आणि शिपाईमामा मात्र खालच्या खणातली रजिस्टरं डोक्यावरून वर नेत होते. तीन भिजलीच. पुढचा आठवडाभर स्टाफरूममध्ये पंख्याखाली पानं उलगडून ठेवली होती, मध्ये टीपकागद. शाईच्या पेनाने लिहिलेलं पसरलं आणि बॉलपेनचं राहिलं. त्यामुळे सत्तरच्या आधीची काही नावं आता निळे डाग आहेत. जिथे वाचता आलं तिथे बाईंनी हजेरीपटावरून ताडून वेगळी यादी करून ठेवली. ते काम कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा जादा पैसाही मिळाला नाही. शाळेच्या प्रोजेक्टरवर देणगीदारांची नावं आहेत, त्या यादीवर कुणाचं नाही.

प्रोजेक्टर ‘मार्च ८३’नेच दिला. देताना भाषणात सगळ्यांनी मराठी शाळा वाचली पाहिजे असं कळकळीने सांगितलं. पाचवीच्या चार तुकड्यांची आता एक उरली आहे, तीही सेमी-इंग्रजी. त्या व्यासपीठावरच्या एकानेही आपलं मूल या शाळेत घातलेलं नाही. हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. प्रवेशअर्ज त्यांच्याच हातून जात. त्यांनी स्वतःची मुलगी इथेच घातली होती, आणि तीही वर्गात एकटी ‘स्टाफची’ म्हणून वैतागायची, हेही त्या लपवत नाहीत.

संमेलनानंतर कुणीतरी म्हणालं, अजून कोण राहिलंय शोधू या, बाई, तुमच्याकडे यादी असेल ना? बाईंनी मोबाईल नंबर, पत्ते काही दिले नाहीत. दप्तरातली माहिती बाहेर देता येत नाही. त्यांनी एवढंच केलं की ज्या ज्या जुन्या मैत्रिणी वर्षानुवर्षं खिडकीशी येऊन गेल्या होत्या त्यांना फोन करून विचारलं, घालू का तुमचं नाव? बाकावरची मैत्रीण आधी नको म्हणाली. “मी कुठे पास झाले?” दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, घाला म्हणून.

तिला घेतल्यावर ग्रुपचं नावच चुकीचं ठरलं. ‘मार्च ८३’मध्ये दहावी न झालेली माणसं कशी? दोन दिवस खल झाला. अखेर ‘क’ तुकडीतल्याच एका बेस्टच्या निवृत्त कंडक्टरने तोडगा सुचवला की बाहेर पडलो ते साल सोडा, आत आलो ते धरा. आपण सगळे पाचवीत जून १९७७ ला आलो. अंगठ्यांचा वर्षाव झाला, ॲडमिनने नाव बदलून ‘जून ७७’ केलं.

रात्री साडेदहाला पहिली हरकत आली. महापालिकेच्या शाळेतून सातवी करून जून १९८० ला थेट आठवीत आलेल्या मंडळींची ती होती, आणि ही मंडळी थोडीथोडकी नव्हती. घंटा विहिरीत टाकणारा बिल्डरही त्यांच्यातलाच. ७७ मध्ये आम्ही या शाळेत नव्हतोच, मग आम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. यंदाच्या हॉलचं भाडं त्याच्याकडूनच यायचं असल्यामुळे सवालाला वजनही होतं. ॲडमिनने बाईंना खासगीत विचारलं, रजिस्टरात यावर काही नियम आहे का.